हात लावण्याआधी आईला सांगा

पत्र

सिस्टर, नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहतो. वय ४१, लग्न झालेलं नाही, हिंगणा एमआयडीसीत नोकरी करतो. घरात मी आणि आई, दोघंच. आई ७२ वर्षांची आहे. मार्चमध्ये तिला पॅरॅलिसिसचा अटॅक आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणंही गेल्यासारखंच आहे. ‘नाही’ आणि ‘राहू दे’ एवढंच नीट उमटतं. दवाखान्यातून घरी आणून ५ आठवडे झाले. सकाळी ८ ते संध्याकाळी ८ एक मावशी येतात. रात्र माझी.

मागच्या आठवड्यात रात्री तिला खुर्चीवर बसवताना ती हातातून सुटायला लागली. मी दंड धरून ओढलं. तेव्हापासून तिचा उजवा खांदा दुखतो आणि माझी कंबर धरली आहे. परवा मावशींनी दाखवलं, माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आलाय. मी पावडर लावतो, रोज तेलाने चोळतो. एअर बेडही आणला आहे. पण जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. रात्री डायपर बदलायची वेळ आली की आई डोळे मिटते आणि तोंड भिंतीकडे करते. संध्याकाळी ५ नंतर ती पाणीच घेत नाही. दिलं तर ठसका लागतो, की पाणी नको म्हणून तसं करते, कळत नाही. शेजारचे म्हणतात, हे मुलीचं काम आहे, बहिणीला बोलावून घे. बहीण अमरावतीला असते, तिचा संसार आहे. मी करून राहिलो ते चुकतं आहे का?

– मानेवाड्याहून एक मुलगा

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डाग, खांदा आणि ठसका दिसला. दुसऱ्यांदा दिसली ती ५ वाजल्यानंतर पाणी न पिणारी आई. मी नर्स म्हणून उभी नोकरी नागपुरात काढली. रात्रपाळीत पाणी नको म्हणणाऱ्या अशा कितीतरी बायका पाहिल्या. पाणी प्यायलं की लघवी होणार, लघवी झाली की कुणाला तरी आपल्याला उघडं करावं लागणार, आणि तो कुणीतरी आपला मुलगा असणार. तुमच्या आईंचा हिशेब अगदी सरळ आहे. बोलता येत नाही म्हणून त्या तो तोंड मिटून सांगतात.

पण बाहेर मे महिना आहे. नागपुरात पारा ४५ च्या घरात जातो, आणि अंथरुणावरच्या ७२ वर्षांच्या बाईने संध्याकाळपासून सकाळपर्यंत १४-१५ तास कोरडं राहणं धोक्याचं आहे. लघवी गर्द पिवळी होते, जळजळ होते, लघवीचं इन्फेक्शन होतं, शौचाला खडा होतो, आणि वयस्कर माणूस अचानक भांबावल्यासारखं वागू लागतं. म्हणून आधी पाण्याचंच बोलते.

ठसका खोटा आहे असं कृपा करून धरून चालू नका. पॅरॅलिसिसच्या अटॅकनंतर पुष्कळदा गिळण्याचे स्नायूही कमजोर पडतात. तेव्हा घट्ट खाणं नीट जातं आणि पातळ पाणीच नेमकं श्वासनलिकेकडे घसरतं, असं बऱ्याच पेशंटचं होतं. त्यातून न्यूमोनिया होतो. या आठवड्यातच ज्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत त्यांना सांगा आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवतात असं लोकांना वाटतं, गिळण्याचं कामही त्यांच्याच अखत्यारीतलं असतं. पाणी किती घट्ट करून द्यायचं, मान किती झुकवायची, हे त्यांनी बघूनच सांगावं. माणसागणिक ते बदलतं.

तोवर घरी एवढं करा. आईंना पूर्ण बसवल्याशिवाय तोंडात काही घालू नका, औषधाची गोळीसुद्धा नाही. पाठ टेकलेली, हनुवटी वर न झालेली, तुम्ही समोर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसलेले. उभं राहून भरवलं की त्या वर बघतात, आणि वर बघून गिळलं की घास चुकीच्या वाटेने जातो. पेला तोंडाला लावू नका, स्ट्रॉ नको, बाटलीतून ओतणं तर नकोच. लहान चमचा अर्धा भरायचा, घोट गेला हे गळ्याची हालचाल बघून ठरवायचं, मग दुसरा. चमचा डाव्या बाजूने द्या. उजव्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना ते कळत नाही, म्हणून शेवटी तोंड उघडून बघायचं. जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. ज्वारीची आंबील जराशी दाट केली की पाण्यापेक्षा सावकाश उतरते आणि या उन्हात पोटालाही बरी. मात्र ती देतानाही आवाज ओला, घरघरल्यासारखा झाला, डोळ्यांत पाणी आलं किंवा खोकला लागला, तर तिथेच थांबा. आणि ताप आला, दम लागला तर वाट बघू नका.

आता त्यांच्या हिशेबाकडे वळू. तो आपण मोडायचा नाही, त्यांच्या सोयीने बदलायचा. दिवसभराचं बहुतेक पाणी, ताक, वरण, आंबील सकाळी ८ पासून संध्याकाळी ६ पर्यंत थोडं थोडं करून पोटात जाऊ द्या. त्या वेळात मावशी असतात. त्यानंतर औषधापुरते आणि ओठ-घसा ओला राहील इतके चमचे. दिवसाला एकूण किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारा. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर त्याला मर्यादा असते. हा बेत आईंना शब्दांत सांगा: ‘आई, सकाळी नीट पाणी घे, मग रात्री मला तुला फार उठवावं लागणार नाही.’ उजवी बाजू जाते तेव्हा मेंदूचा डावा भाग दुखावलेला असतो. बोलण्याची जागाही बहुतेकांच्या मेंदूत डावीकडेच असते. म्हणून शब्द गेले. समज पूर्ण गेलेली असतेच असं नाही, पुष्कळदा आपण धरतो त्यापेक्षा खूप जास्त शाबूत असते. लहान वाक्य बोला, एका वेळी एकच गोष्ट विचारा, आणि उत्तरासाठी डावा हात दाबायला सांगा. मग गप्प बसून थांबा. ते थांबणं आपल्याला जमत नाही. आपण दुसऱ्या सेकंदाला तोच प्रश्न मोठ्याने विचारतो, जणू त्या बहिऱ्या झाल्या आहेत.

लाल डागाबद्दल. आज संध्याकाळी उजेडात त्यावर बोट हलकेच दाबून सोडा. दाबल्यावर पांढुरका पडून पुन्हा लाल झाला, आणि त्या जागेवरचा भार काढल्यावर अर्ध्या तासात मावळला, तर कातडी अजून सांभाळता येण्यासारखी आहे. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी समजा. वर्ण सावळा असेल तर लाली दिसतही नाही. जागा जांभळट, गरम किंवा आजूबाजूपेक्षा कडक लागते, म्हणून नुसतं बघू नका, हाताची पालथी बाजू लावून बघा.

तेलाने चोळणं आजपासून बंद. हे तुम्ही प्रेमाने केलं, आणि पूर्वी वॉर्डातही पाठीला स्पिरिट लावून चोळायचे, पावडर मारायचे. मी स्वतः केलंय. आता ते करत नाहीत. हाड आणि गादी यांच्यामध्ये चिरडून तिथला रक्तपुरवठा आधीच तुटलेला असतो. वरून चोळलं की आतली नाजूक झालेली कातडी आणखी फाटते. स्पिरिटने ती कोरडी पडते. पावडर घामाने भिजून तिचे खडे होतात आणि तेच घासतात. डागाखाली मधे भोक असलेली रिंग किंवा कापडाची चुंबळ ठेवायला कुणी सांगेल, तीही नको. चुंबळीच्या कडेने गोल दाब पडतो आणि मधल्या जागेचं रक्त आणखीच अडतं.

औषध एकच, त्या जागेवर वजन पडू द्यायचं नाही. डाग जाईपर्यंत पाठीवर झोपवणं बंद. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर २ तासांनी कूस बदलायची. पूर्ण आडवी कूस मात्र नको, तेव्हा सगळा भार खुब्याच्या हाडावर जातो. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत लांब उशी किंवा गुंडाळलेली गोधडी सरकवून त्यांना जेमतेम कलती ठेवायची, ३० अंश म्हणजे पुरे. माकडहाडाखाली तुमचा तळहात सहज गेला तर कूस बरोबर लागली. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक उशी अशी की टाचा अधांतरी राहतील, गादीला टेकणार नाहीत.

टाचांचं मी मुद्दाम सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या. त्यांची पाठ मी रोज बघत होते, पाठ काचेसारखी स्वच्छ होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. एके दिवशी मोजा काढला तर डाव्या टाचेवर काळा फोड. मी ३ दिवस मोजा काढलाच नव्हता. ती टाच भरायला महिने लागले. आजी मला काही बोलल्या नाहीत, उलट ‘पोरी, तू जेवलीस का’ म्हणून विचारायच्या. तेव्हापासून अंग पुसताना मी डोक्याच्या मागच्या भागापासून सुरुवात करते आणि टाचेवर संपवते: कानाची पाळी, खांद्याची पाती, कोपर, माकडहाड, खुबे, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोटे, टाच. मावशींनाही हाच क्रम शिकवा. सकाळी अंग पुसताना एकदा आणि रात्री ८ वाजता त्या निघताना तुमच्यासमोर एकदा.

एअर बेड चांगला आणलात. पण एअर बेड आहे म्हणजे कूस बदलायला नको, हा गैरसमज मी घरोघरी पाहिला आहे. गादी दाब कमी करते, संपवत नाही. तिच्यावर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर दुलई असं रचलं की हवेच्या नळ्यांचा उपयोगच उरत नाही. एकच सुती चादर, सुरकुती नसलेली. गादीखाली हात घालून त्यांच्या कमरेखाली दाबून बघा. हाताला हाड टोचलं तर हवा कमी आहे. उन्हाळ्यात लाइट जाते, तेव्हा पंप बंद पडून गादी हळूहळू बसते. त्या रात्री घड्याळ जास्त काटेकोर पाळा. पलंगाचं डोकं खाण्यापिण्याची वेळ आणि त्यानंतरचा अर्धा तास सोडला तर ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका. वर ठेवलं की अंग खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते आणि आतलं मांस ओढलं जातं. माकडहाडावरचे डाग पुष्कळदा असेच येतात. डाग आहे तोवर खुर्चीतही एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नको. डागाला फोड आला, कातडी उघडली किंवा पाणी-वास आला, तर हळद वगैरे न लावता डॉक्टरांना दाखवा.

आता उचलण्याबद्दल. भाऊ, आईंना उचलायचंच नाही. तुमची कंबर आणि त्यांचा खांदा, दोन्ही त्या एका उचलण्यात गेले. खांद्याचा सांधा उथळ असतो, भोवतीचे स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात. ते स्नायू लुळे पडले की हात नुसत्या वजनानेच खाली लोंबतो आणि ओढला की सांधा उघडतो. खांदा या आठवड्यात दाखवून घ्या. यापुढे उजवा दंड, मनगट किंवा काख धरून कधीही ओढायचं नाही, आणि हे मावशींना, बहिणीला, भेटायला येऊन मदतीला धावणाऱ्या काकांना, सगळ्यांना सांगायचं. बसलेल्या असोत की झोपलेल्या, उजव्या हाताखाली उशी हवी. कपडे घालताना उजवा हात आधी बाहीत घाला, काढताना शेवटी काढा.

पलंग भिंतीला लावलेला दिसतो. तो हात-दीड हात पुढे ओढा, तुम्हाला दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे. उंची कमी-जास्त करता येणारा पलंग नसेल तर धंतोली-रामदासपेठेकडच्या सर्जिकलच्या दुकानांत भाड्याने मिळतो. कंबर वाचवायला हा खर्च करा. काम करताना पलंग तुमच्या कमरेच्या उंचीला, काम झालं की अगदी खाली.

कूस बदलताना ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभे राहा आणि आईंना आपल्याकडे वळवा. स्वतःपासून दूर ढकललं तर पलीकडे पडण्याची भीती असते. समजा डावीकडे वळवायचं आहे. पलीकडचा उजवा हात सांभाळून त्यांच्या पोटावर आणा, उजवा गुडघा उभा करा, मग तुमचा एक हात त्यांच्या उजव्या खांद्याच्या पातीमागे, दुसरा कमरेमागे. पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून तुमचं वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर न्या. त्या सहज वळून येतील. हाताने ओढल्यासारखं वाटलं तर काहीतरी चुकतं आहे. वर सरकवायला त्यांचंच जुनं सुती पातळ चौघडी करून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घाला. पलंगाचं डोकं सपाट करा. संध्याकाळी ८ वाजता मावशी आणि तुम्ही दोन बाजूंनी पातळाच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरा आणि एकदम सरकवा. एकटे असाल तर आईंचा डावा गुडघा उभा करून तळवा गादीवर रोवायला सांगा. ‘एक, दोन, तीन’ वर त्या पायाने रेटा देतील. डावी बाजू त्यांची आहे, चांगली आहे, आणि ५ आठवडे आपण तिला काही करूच दिलं नाही.

खुर्चीत बसवताना खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला, पलंगाला जराशी तिरपी लावा. चाकाची असेल तर ब्रेक लावलेत ना ते हाताने हलवून बघा, पायठेव बाजूला करा. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून काठावर. इथे २-३ मिनिटं बसू द्या. आडव्यातून एकदम उभं केलं की बीपी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. माझा अंदाज आहे की त्या रात्री हेच झालं असावं, आई हातातून सुटल्या नाहीत, त्यांना चक्कर आली. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला तर परत आडवं करा, उठणं नंतर.

बरं वाटतंय असं दिसलं की पाय जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या थोडे मागे, पायात मागून पट्टा असलेली न घसरणारी चप्पल. आईंच्या कमरेला रुंद ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे उठवताना धरायचा पट्टा, बांधा, तोही सर्जिकलमध्ये मिळतो. तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला समोरून टेकवा म्हणजे तो दुमडणार नाही. तुमचे हात बेल्टवर, त्यांचा डावा हात गादीवर. तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका, तोल गेला तर दोघंही पडाल. ‘आई, पुढे वाक, नाक पायाच्या बोटांवर आण.’ माणूस उठताना आधी पुढे वाकतो. आपण मात्र पेशंटला सरळ वर खेचतो, म्हणून तो जड लागतो. तीनला त्या रेटा देतील, तुम्ही फक्त दिशा द्या. छोटी छोटी पावलं घेत डावीकडे वळा, खुर्ची पायांना मागून लागली की त्यांचा डावा हात खुर्चीच्या हातावर टेकवून सावकाश बसवा.

आणि त्या खरंच पडायला लागल्या तर तोलून धरू नका. अंगाशी घेऊन तुमच्या मांडीवरून त्यांना हळू खाली घसरू द्या, डोकं सांभाळा. जमिनीवर आल्यावर घाईने उठवू नका. पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो का, कुठे दुखतं, डोकं आपटलं का, बघा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जखम दिसत नसली तरी दवाखाना. एकट्याने उठवणं नाही, शेजाऱ्यांना हाक मारा. त्यांना मदत करायचीच आहे तर ती अशी करू द्या.

घसरण्याचं एक कारण नागपूरकरांच्या घरातच असतं, कूलर. टाकी भरताना सांडलेलं पाणी टाइल्सवर पसरतं. आईंच्या वाटेत ते येणार नाही, वायर आडवी जाणार नाही, हे बघा. पाणी भरताना कूलरचं बटण बंद आणि प्लग काढलेला, ओला हात पत्र्याला नाही. हवेचा झोत थेट अंगावर नको. चादर दमट लागली तर बदला. रात्रीचा लहान दिवा लावून ठेवा आणि पायपुसणं उचलून टाका.

शौचासाठी कमोडची खुर्ची घ्या. सकाळी चहा-नाश्त्यानंतर २०-३० मिनिटांत पोटाला आपोआप ओढ लागते, त्या वेळी रोज बसवा, मावशी असताना. दिवसा दर २-३ तासांनी लघवीला विचारा. डायपरची सवय होण्याआधी कमोडची सवय परत येऊ शकते, आणि तसं झालं तर आईंच्या मनावरचं निम्मं ओझं उतरेल. तोंडाची स्वच्छता सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने, दातांची कवळी असेल तर रात्री काढून.

रात्रीच्या डायपरबद्दल आता बोलते, कारण तुम्ही मूळ विचारलंय ते हेच.

हात लावण्याआधी सांगा, प्रत्येक वेळी. ‘आई, ओलं झालंय, मी बदलतो. आता चादर बाजूला करतो. आता तुला माझ्याकडे वळवतो.’ अंधारात, झोपेत, न सांगता कुणाचा हात कमरेला लागला तर कुणीही आक्रसेल. आक्रसलेलं अंग दुप्पट जड होतं, म्हणून हे सांगणं जितकं मनासाठी तितकंच कंबरेसाठीही आहे. पूर्ण उघडं कधीच करायचं नाही. वरून एक चादर गुडघ्यांपर्यंत राहू द्या आणि जेवढं लागतं तेवढंच बाजूला करा. खिडकीचा पडदा ओढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कपडा आईंच्या डाव्या हातात द्या, त्यांना समोरचं स्वतः पुसू द्या आणि तुम्ही तेवढा वेळ तोंड फिरवा. नीट जमलं नाही तर नंतर तुम्ही पुसा, पुढून मागे, घासायचं नाही, टिपायचं. कोरडं झालं की झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. भिंत आता लांब गेली आहे. त्यांना तोंडावर पदर घ्यावासा वाटला तर घेऊ द्या, पदर ओढू नका, ‘माझी कसली लाज’ असं म्हणू नका. लाज त्यांची आहे, ती त्यांनी ७२ वर्षं जपली आहे. आणि काम झालं की कपडे सारखे करून, केसांवरून हात फिरवून काहीतरी वेगळं बोला, मावशींनी काय भाजी केली, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला झाल्या आहेत. खोलीतला शेवटचा विषय डायपर राहू देऊ नका.

शेजाऱ्यांनी म्हटलेलं मनावर घेऊ नका. वॉर्डात मी आईची सेवा करणारे मुलगे पाहिले, सासऱ्यांची करणाऱ्या सुना पाहिल्या, आणि बायकोला रोज वेणी घालून देणारे एक आजोबा पाहिले. कातडीला हात मुलाचा की मुलीचा हे कळत नाही, सांगून लावलेला की न सांगता, हे मात्र कळतं. तुमचं चुकलं ते तेल, पावडर आणि ओढणं, तेवढंच. ते कुणी शिकवलं नव्हतं म्हणून चुकलं. डिस्चार्जच्या वेळी कागद देतात, कूस बदलायला कुणी हात धरून शिकवत नाही, याची मला अजूनही खंत वाटते. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, फिजिओथेरपीच्या ओपीडीत एकदा मावशींना बरोबर घेऊन जा आणि हे सगळं समोर करून दाखवायला सांगा.

एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा सुजली, गरम लागली किंवा दुखली तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आत रक्ताची गाठ असू शकते. एकाएकी दम लागणं, तोंड नव्याने वाकडं होणं, चांगल्या हाताची ताकद जाणं, जागं न होणं, यांपैकी काहीही दिसलं की १०८. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही लिहून ठेवा, मदत कुठे मिळेल हे तिथे विचारता येतं.

डाग जाईपर्यंत रात्रीही दर २ तासांनी उठावं लागणार. डाग गेला आणि सकाळी कातडी स्वच्छ दिसू लागली की डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर वाढवता येईल. पण तोवरच्या या रात्री, आणि दिवसा नोकरी, एकट्याने निघणार नाहीत. म्हणून बहिणीला फोन कराच, मात्र ‘हे मुलीचं काम’ म्हणून नको, दोन माणसं लागतात म्हणून. मे महिना आहे, घरात मुलं असतील तर त्यांनाही सुट्ट्या असतील, आजीजवळ घेऊन येऊ दे. पहिल्या रात्री तिला शेजारी उभं करून एकदा कूस बदलून दाखवा. दुसऱ्या रात्री १० ची आणि १२ ची फेरी तिला द्या, २ वाजता तुमची पाळी. त्या मधल्या ४ तासांत दुसऱ्या खोलीत जा, दार लावा आणि झोपा.